तापीवरच्या नावेतलं थंड कपाट

१६ एप्रिल १९३८

बर्फाची पेटी काढणार आहेत. मला विचारलं नाही, नुसतं कळवलं. डॉक्टर देवरे मंगळवार-शनिवार शिरपूरहून येतात, रोगी तपासतात, माझ्या हातचा चहा पितात आणि जातात. बाकीचे दिवस ह्या धर्मार्थ दवाखान्याच्या नावेवर मी आणि हिलाल भोई. पावसाळ्यानंतर नाव तापीकाठच्या गावोगाव फिरते. चैत्रात पाणी उतरलं की शिंदखेड्याच्या अंगाला ह्या डोहात उभी राहते आणि रोगी इथे येतात. सुईणपण, मलमपट्टी, सुया टोचणं, स्वयंपाक, सगळं माझ्याकडे. स्वयंपाकघरातली बर्फाची पेटीही माझ्याकडे. तिच्यात सापाची लस असते.

धुळ्याहून एक दिवसाआड बर्फ येतो, लाकडाच्या भुशात घालून, गोणपाटात बांधून. तो फोडायचा, भरायचा, वितळलेलं पाणी उपसायचं. सात वर्षं हात बधिर करून घेतले आहेत. सात वर्षांत एकही कुपी नासली नाही. हे कोणी पाटीवर लिहिणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

आता म्हणे घासलेटवर चालणारं थंड कपाट येणार. खाली दिवा लावायचा आणि वर गारठा. मी म्हटलं, "डॉक्टर, म्हणजे चुलीवर बर्फ थापायचा." ते हसले. मी हसवायला बोलले नव्हते.

१९ एप्रिल

आलं. आठ माणसांनी दोर लावून चढवलं. पांढरंशुभ्र धूड, उभं केल्यावर माझ्या स्वयंपाकघराचा निम्मा उजेड गेला. बर्फाची पेटी होती तिथेच, दक्षिणेच्या भिंतीला लावलं. पेटी बाहेर फळ्यांवर उन्हात.

त्याच्याबरोबर कंपनीचा मिस्त्री आला आहे, छगन म्हणून. जळगावजवळ मेहरूणला घर. वय तिशीचं, तोंड अखंड चालू. आल्या आल्या मला "आक्का" म्हणाला. मी ह्याची कधीची आक्का? कपाटाच्या डोक्यावर पाणसळ, म्हणजे बुडबुड्याची काचेची नळी, ठेवून, चारही पायांखाली लाकडाच्या चकत्या सरकवत तो दोन तास बसला. देवाला फूल लागत नाही तोवर पुजारी उठत नाही, तसा त्या बुडबुड्यापुढे बसला होता.

"आक्का, हे मशीन सरळ उभं पाहिजे," म्हणाला. "आत औषधाचं पाणी आपोआप फिरतं. कललं की फिरणं बंद. मग दिवा किती का जळेना, गार व्हायचं नाही. ह्या बाजूला आता जड काही ठेवू नका."

उद्या बिघडलं तर सांगायला सबब आजच तयार. शिवाय माझ्या स्वयंपाकघरात काय कुठे ठेवायचं ते हा सांगणार.

एक तक्ता दिला आहे. एकवीस दिवस रोज सकाळी आतला पारा बघायचा, फॅरनहाइटचा आकडा लिहायचा आणि शेजारी माझी सही. तोवर छगन काठावरच राहणार. तक्ता चांगला आला तर कपाट इथे राहील आणि कंपनी त्याला कायम करील. "नाहीतर कपाट परत आणि मीबी परत," असं म्हणून हसला.

म्हणजे ह्याची भाकरी माझ्या सहीवर आहे. बरं झालं, कळलं ते.

२२ एप्रिल

पारा ४०. काल ४०, परवा ४१. बाहेर अंगाची लाही होते आहे आणि आत कुप्यांवर दव धरलं आहे. असेल. नवी नवरी चार दिवस वाकूनच चालते.

वरणाला घासलेटचा वास लागतो. हिलाल म्हणतो, लागत नाही. हिलालच्या नाकाला उभ्या जन्मात मासळीशिवाय दुसरा वास ठाऊक नाही.

दुपारी मी बाळंतिणीकडे गेले होते. परत आले तर स्वयंपाकघराच्या खिडकीची मोडकी कडी बसवलेली. छगनचं काम. मी सांगितलं नव्हतं. खिडकी आता नीट लागते, पण मी सांगितलं नव्हतं.

२६ एप्रिल

डॉक्टरांनी बाराच्या बारा कुप्या कपाटात ठेवल्या आणि धुळ्याचा बर्फ बंद केला. मी म्हटलं, "एकवीस दिवस तरी होऊ द्या." म्हणाले, "यशोदाबाई, सहा दिवस चाळिसावरून पारा हलला नाही. तुमच्या पेटीत तो कधी पन्नासाच्या खाली आला होता का?"

सात वर्षांत हे आज सुचलं त्यांना.

पेटीत आता हिलाल जाळी ठेवतो. मी काही बोलले नाही. संध्याकाळी छगन पाणसळ घेऊन आला तेव्हा मात्र त्याला बोलले. नाव दवाखान्याची आहे, मिस्त्रीखाना नाही. निजणं काठावर, खाणं काठावर, सकाळी एकदा यायचं, बुडबुडा बघायचा आणि उतरायचं. "बरं आक्का," म्हणाला. उलट बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

२९ एप्रिल

अक्षय्य तृतीयेची आखाजी तोंडावर आली. पलीकडच्या काठाला कडुनिंबाला झोके बांधलेत आणि सासरहून आलेल्या पोरी दिवसभर गाणी म्हणतात. पाण्यावरून शब्द न् शब्द इकडे येतो. रोगी कमी आहेत. सणाच्या आठवड्यात माणसं दुखणीसुद्धा लांबणीवर टाकतात.

शिंदखेड्याहून टपाल आलं. दवाखान्याचंच होतं, दुसरं काही नव्हतं.

सकाळी छगन बुडबुडा बघून उतरता उतरता म्हणाला, "आक्का, बठ्ठ्या पोरी माहेरी चालल्या. तुमचं माहेर कुठलं? भाऊ न्यायला येत नही का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ह्याला काय करायचंय माझ्या भावाशी? चौदा वर्षं कोणी आलं नाही, म्हणून काय मी झुरत बसले आहे? त्याला सांगितलं, परवापासून पितरांच्या घागरी मांडणार, स्वयंपाक सोवळ्यात होणार, घागरी उतरेपर्यंत स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. तो म्हणाला, "आणि पाणसळ?" मी म्हटलं, "पारा मी बघते ना? सही माझी आहे."

१ मे

पारा ४१.

घागरी मांडल्या. आमच्या घरची रीत अशी की ज्याची त्याची घागर वेगळी. सासरे, सासूबाई, दोन्ही दीर, हे, आणि ज्यांना पाणी द्यायला मागे कोणी नाही त्यांची एक. सहा मोठ्या घागरी काठोकाठ भरून, प्रत्येकीवर छोटं मडकं, त्यावर खरबूज. पितरांची दिशा दक्षिण, म्हणून ओळ दक्षिणेच्या भिंतीला. आमच्यात त्या तिसऱ्या दिवसानंतर उतरवतात. मध्ये ते पांढरं धूड आलं, म्हणून तीन अलीकडे आणि तीन पलीकडे मांडाव्या लागल्या. सात वर्षं तिथेच मांडते. बर्फाने कधी कुरकुर केली नाही.

हिलाल म्हणाला, "आक्का, नाव एक अंगले कलनी शे."

"दरसाल कलते," मी म्हटलं.

२ मे, आखाजी

पारा ४७.

सकाळी बघितला तेव्हा वाटलं आपणच चुकलो. चष्मा पुसून पुन्हा बघितला. सत्तेचाळीस. आकडा मोठ्या अक्षरात लिहिला, सही केली. खोटं का बोलू, बरं वाटलं. दिवा तर निळा, नीट जळतो आहे. मग आता काय झालं तुमच्या मशीनला?

पुरणाचा स्वयंपाक केला. पितरांची पानं वाढली, कावळ्यांना घास ठेवले. हिलाल घरी जेवायला निघाला तेव्हा म्हणाला, "छगनभाऊ काठवर एकलाच शे. जेवाले बलावू का?" मी म्हटलं, पितरांच्या आधी परक्याचं पान कशाला? पितरांचं आटोपलं तेव्हाही बोलावलं नाही. खिडकीतून दिसत होता. बाभळीखाली बसून भाकर, कांदा आणि तिखट खात होता. माझ्या चार पोळ्या उरल्या. संध्याकाळी माशांना टाकल्या.

३ मे

पारा ५८.

कलंडलेल्या दौतीने अर्धं पान खराब केलं, म्हणून हे खाली लिहिते आहे. हिलालने दोर सैल बांधलाय. कपाळाचा घाम पुसत बसण्यापेक्षा त्याने दोर बघावा.

छगनने काठावरून हाक मारली, "आक्का, पारा कितीवर शे?"

मी म्हटलं, "तक्त्यात लिहिलाय. दहा तारखेला वाचा."

आज मंगळवार, पण सणामुळे डॉक्टर आले नाहीत. ह्यावर मी दुपारभर विचार केला. सांगायला हवं होतं का? लस एका दिवसात नासत नाही. पेटीत ती पन्नासात राहतच होती, डॉक्टरच म्हणाले. परवा धुळ्याच्या मोटारवाल्याकडे निरोप धाडून बर्फ मागवीन आणि कुप्या हलवीन. आज मोटार नाही. मोटारवाला आखाजीचे पत्ते कुटायला बसला आहे आणि तीन दिवस उठायचा नाही. बर्फ आला की डॉक्टरांना दाखवीन, हा तुमचा तक्ता आणि ही माझी पेटी. तोवर कपाटाचं दार उघडायचंच नाही, म्हणजे आतला गारवा टिकेल.

४ मे

पारा सकाळी ७२. लिहून सही केली.

पुढचं जमेल तसं लिहिते. दुपारी चारच्या सुमाराला छगन काठावरून ओरडून म्हणाला, "आक्का, नाव लई कलली. मला आत येऊ देत नही ना, मग निदान उत्तरेच्या बाजूला बाहेरून दगड भरू देता का?" मी म्हटलं, भरा, आत यायचं नाही. तो काठावरचे दगड उचलून फळीवरून आणून नावेच्या उत्तरेच्या अंगाला रचायला लागला. हिलाल त्याच्या मदतीला. सात-आठ फेऱ्या झाल्या असतील. मग फळीवर दगड पडल्याचा आवाज आला.

दगडाखाली फुरसं होतं. छगनच्या उजव्या हाताला चावलं, आंगठ्याच्या खाली.

मी खाली उतरले, जखम धुतली, हात फळकुटाला बांधून हलेनासा केला. हे सगळं मला येतं. मग वर येऊन कपाट उघडलं. आतून हवा आली ती चुलीसमोरच्या हवेसारखी; दिव्याची धग दिवसभर आत चढली होती. कुप्या एकेक करून खिडकीच्या उजेडात धरल्या. लस पाण्यासारखी नितळ असायला हवी. बारा कुप्या, बाराही गढूळ, तळाशी दह्याच्या कवडीसारखं काहीतरी बसलेलं. असली लस टोचली तर साप परवडला.

खाली येऊन सांगितलं, लस नासली. तो हाताकडे बघत होता. कोपरापर्यंत सूज चढली होती. म्हणाला, "मशीननं दगा दिला मग. मी सांगत व्हतो डॉक्टरांना, चांगलं शे म्हणून. तुम्ही खरं म्हणत होत्या, आक्का."

मी फळकुटाची गाठ सुजेपुरती सैल केली.

हिलालने बैलगाडी जुंपली आणि त्याला आग्रा रोडवर नेलं, तिथून मिळेल त्या मोटारीने धुळ्याला. गाडीत बसताना त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. त्याची हत्यारांची पेटी आणि वळकटी बाभळीखाली तशीच पडली होती. मी उचलून वर आणली.

५ मे

हिलाल दुपारी परतला. "जित्ता शे," म्हणाला. "पन हात काया पडी गया." हात काळा पडला होता.

मग उत्तरेचे दगड पाण्यात ढकलले, न विचारता स्वयंपाकघरात आला आणि घागरी उचलून नदीत ओतायला लागला. पायातल्या वहाणांसकट आला. मी म्हटलं, "अरे, मी उतरवते, पितरांच्या आहेत." त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. इतक्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं त्याने. सहावी घागर रिकामी झाली तेव्हा पायाखालची जमीन हलल्यासारखी नाव हलली आणि सरळ झाली. छगनची पाणसळ कपाटावरच होती. बुडबुडा मधोमध आला.

"दखा," हिलाल म्हणाला आणि गेला.

६ मे

पारा ४४.

घागरी काढल्या आणि पारा उतरला. ह्याचा त्याचा संबंध असेलच असं नाही. रात्री वारा सुटला होता.

७ मे

पारा ४०. वारा नव्हता.

डॉक्टर आले. नासलेल्या कुप्या बघितल्या, तक्ता बघितला. ४१, ४७, ५८, ७२. छगनची दोन बोटं काढावी लागली म्हणाले, आंगठा आणि त्याच्या शेजारचं. जीव वाचला.

"सापांच्या दिवसांत असे चार दिवस म्हणजे फार झालं," म्हणाले. "नंतर चाळिसावर आलं तरी भरवसा कसा ठेवायचा? हे परत पाठवू. तक्ता दहा तारखेपर्यंत पुरा करा आणि खाली तुमचा अभिप्राय लिहा. ह्या मंगळवारी मला जमणार नाही, चौदा तारखेला येतो तेव्हा नेतो. यशोदाबाई, तुम्ही म्हणत होता तेच खरं निघालं."

हे ऐकायला मी तीन आठवडे टपून बसले होते. ऐकून घेतलं. भात करपला.

१० मे

पारा ४०. तक्ता संपला.

धुळ्याचा बर्फ सुरू झाला. पेटी घासून आत घेतली, उत्तरेच्या भिंतीला. हिलालने ती उचलायला हात लावला. तो कामापुरतं बोलतो. बोलू नकोस म्हणावं.

अभिप्राय लिहिला. "सदर कपाट ऐन गरजेच्या दिवसांत बंद पडले. त्यामुळे बारा कुप्या निकामी झाल्या. विश्वास ठेवण्याजोगे नाही." ह्यात एक अक्षर खोटं नाही. तीनदा वाचलं. खरंच नाही.

तरी दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून आपलंच नाक कापणारी बाई कशी दिसते, ते बघायला आरसा लागत नाही. तो पारा मी रोज वाचत होते. मला वाचता येतं.

छगनने मात्र जाताना मला खरं ठरवून जायला नको होतं. त्याचा मला राग येतो.

१३ मे

आज छगनची बायको आली. सुनंदाबाई. बरोबर तिचा भाऊ होता, तो गाडीपाशी थांबला. ठेंगणी, सावळी, डोक्यावरचा पदर सावरत फळीवरून चढली. हत्यारांची पेटी आणि वळकटी न्यायला आले म्हणाली. मी आणून दिली. मग तिने पिशवीतून केळ्यांची एक फणी काढली आणि चोळीचा एक हिरवा खण. दोन्ही माझ्या पुढ्यात ठेवलं आणि वाकून नमस्कार केला.

मी म्हटलं, "हे कशाला?"

"त्यायनी आखाजीच्या दिवशी कार्ड लिहिलं व्हतं," ती म्हणाली. "शेजारच्या मास्तरनं वाचून दाखवलं. नावेवर एक आक्का आहे, तिनं मले पुरणपोळी करून पोटभर जेवू घातलं, काळजी करू नको, असं. मले लई घोर व्हता, सणाच्या दिवशी माणूस परमुलखात उपाशी बसंल. केळी मन्ह्या बापाच्या वावरातली आहेत."

मी खणाकडे बघत राहिले. त्या दिवशीच्या चार पोळ्या नदीत पडताना कशा दिसल्या ते मला चांगलं आठवतं.

तिला आणखी एक विचारायचं होतं, ते तिने उठता उठता विचारलं. कंपनीचा माणूस धुळ्याच्या दवाखान्यात येऊन गेला. मशीन चांगलं ठरलं तर छगनला दुकानात बसायचं काम देतील, आठ बोटांवर होईल असं. मशीन वाईट ठरलं तर नाही. "नावेवरून एक कागद यायचा आहे म्हणे. आला असला तर मीच घेऊन जाते. पण वाईट असंल तर आत्ताच सांगा, बाई. मंग तिथं वाट बघत नही बसणार आम्ही."

"बसा," मी म्हटलं.

तक्ता काढला. तो डॉक्टर उद्या नेणार होते. खाली लिहिलेल्या तीन ओळींवर रेघ मारली आणि त्यांच्याखाली लिहायला बसले. लिहिताना ती माझ्या हाताकडे बघत होती. मला वाटलं होतं फार वेळ लागेल. लागला नाही. सही केली, तारीख घातली.

"काय लिहिलं, वाचून दाखवाल?" ती म्हणाली.

तिला वाचता येत नाही. मी काहीही वाचू शकले असते. मशीन उत्तम आहे, छगन मिस्त्री हुशार आहेत, नासलेल्या लशीला कोणीच जबाबदार नाही. ती ते ऐकून खूश होऊन गेली असती, आणि कागदाने त्याचं काम भागलंच असतं.

मी लिहिलं होतं तसं वाचलं. "कपाट निर्दोष आहे. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की नाव कलता कामा नये. मी आखाजीसाठी कपाटाच्या बाजूला सहा भरलेल्या घागरी मांडल्या. नाव कलली आणि गारवा बंद झाला. मिस्त्रींना मी आत येऊ दिलं नाही. चार दिवस पारा चढताना पाहिला आणि कोणाला सांगितलं नाही, कारण कपाट बिघडावं अशी माझी इच्छा होती. मिस्त्री नाव सरळ करण्यासाठी दगड उचलत असताना त्यांना फुरसं चावलं. तेव्हा टोचायला लस नव्हती. यशोदाबाई झुलाल पाटील, परिचारिका."

मग कागदावर नव्हतं तेही सांगितलं. "आखाजीला मी त्यांना जेवू घातलं नाही. ते काठावर भाकर खात होते. मी खिडकीतून बघत होते."

ती ओरडेल असं वाटलं होतं. मी तयार होते. शिव्या ऐकायची मला सवय आहे आणि द्यायचीही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली, पुन्हा सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग हात पुढे केला. मी तक्ता दिला. तिने तो चार घड्या करून कमरेला खोचला.

"डॉक्टरांना मी सांगते, कागद तुम्ही नेला," मी म्हटलं. उद्या ते काय म्हणतील हे मला ठाऊक आहे. दवाखान्याचा ट्रस्ट मला इथे ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. सामान फार नाही.

छगन मला आवडत नव्हता. आजही आवडत नाही. इतकं पडतं घेणारा माणूस मला सहन होत नाही. हे इथे लिहिते, म्हणजे कागदावर लिहिलेलं मी दया येऊन लिहिलं असं कोणाला वाटायला नको.

जाताना सुनंदाबाईने पुढ्यातला खण उचलला, झटकला आणि पिशवीत परत ठेवला. केळी तिथेच राहू दिली. पुरती पिकली होती. परत नेली असती तर वाटेत काळी पडली असती.